एका स्प्रिंगपायी तीन चष्मे

वर्षभरात माझ्या नाकावर तीन चष्मे चढले आणि तिन्ही वेळा दोष गाडीचा होता. हे वाक्य मी घरात चारशे वेळा तरी म्हटलं असेल. भिंतींना पाठ झालं, माणसांना नाही.

माझा मुलगा चष्म्याचा दुकानदार. दारातून कुणी आत आलं की हा आधी त्याचे डोळे बघणार, मग तोंड. कुणाला ठेच लागली, नंबर वाढला. भाजीत मीठ दोनदा पडलं, नंबर वाढला. त्यामुळे माझी गाडी रस्त्यावर उजवीकडे ओढू लागली, तेव्हा या चिरंजीवांनी गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. माझ्या डोळ्यात टॉर्च मारला.

"बाबा, तुम्ही रस्त्याच्या मधोमध चालवता."

"मी नाही, ती चालते. मी नुसता आत बसलेला असतो."

"तेच म्हणतोय मी!"

आता कबूल करतो, मी थापा मारतो. जन्मभर मारत आलो. याच गाडीने एकदा फाटकात आगगाडीला थांबवून धरलं होतं, इंजिन ड्रायव्हरने खाली उतरून माफी मागितली होती, हे मी इतक्यांदा सांगितलंय की त्या ड्रायव्हरच्या मिशा मला स्वतःला आठवतात. पण थापा मारणाऱ्याने एकदाही खरं बोलू नये असा कायदा कुठे आहे? खोटं बोललो तेव्हा सगळे तोंडाचा आ करून ऐकत होते. खरं बोललो तेव्हा टॉर्च!

आणि खरं काय होतं ते ऐका. गाडी पंचवीस वर्षांची. ब्रेक दाबला की साहेबासमोरच्या कारकुनासारखी नाक खाली घालायची. वळणावर अशी कलायची की दारातून रस्ता उचलून घ्यावा. गतिरोधकावरून एकदा उडाली ती खाली येईपर्यंत मी एक जांभई पुरी केली. बरं, जांभई मी वाढवून सांगितली. पण मागच्या सीटवर बसलेल्या हिचं डोकं छताला आपटलं, ते टेंगूळ काही मी वाढवलेलं नाही. ते आपलं आपणच वाढलं. त्या दिवसापासून ही गाडीत बसेना.

"डावीकडची स्प्रिंग मोडली होती ती मी बदलून आणली ना मागच्या वर्षी?" मुलगा म्हणायचा. मी तेव्हा तापाने पडलो होतो, याने परस्पर दुकानाशेजारच्या गॅरेजात गाडी नेली होती. "नवीकोरी स्प्रिंग आहे. गाडी ठीक आहे. त्यानंतरच तुमचं सगळं उजवीकडे जायला लागलंय. नीट विचार करा बाबा."

मी नीट विचार केला आणि म्हणालो, "त्यानंतरच! तूच म्हणालास, त्यानंतरच!"

तर हा मला दुकानात घेऊन गेला. खुर्चीत बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता. मी माझ्या जुन्या चष्म्यातून सगळ्या ओळी वाचल्या, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. यावर मुलगा काय म्हणाला असेल? "तुम्ही पाठ करून आलात." पोटच्या पोराने! मग त्याने काचा सरकवत "हे बरं की ते बरं" सुरू केलं. मी रागाने दर वेळी "दोन्ही वाईट" म्हणालो. त्यातून पहिला चष्मा निघाला. तीन महिन्यांनी दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यातून मला माझी चप्पल दोन गावांपलीकडे दिसायची.

एवढंही मी सोसलं असतं. पण मंगळवार आला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, चढावरच्या गल्लीत माझी आक्का राहते. मोठी बहीण, वय नव्वद, खाटेला खिळलेली. त्या चढावर बस जात नाही. दर मंगळवारी मी जातो आणि तिला एक नवी गोष्ट सांगतो. आठ वर्षांत एक मंगळवार चुकला नाही, तापातसुद्धा मी फोनवरून सांगितली होती, पण ती म्हणाली, "फोनवरची थाप शिळी लागते, समोर बसून मार." त्या मंगळवारी तिच्या गल्लीत शिरताना गाडी उजवीकडे गेली आणि कोपऱ्यावरच्या घराच्या फाटकाच्या खांबाला घासली. आरसा तुटला. कुणाला लागलं नाही, पण बातमी माझ्याआधी घरी पोचली.

मुलाने किल्ली मागितली. हिने ती घेऊन पिठाच्या डब्यात टाकली आणि डब्यावर हात ठेवून उभी राहिली.

"शनिवारी भंगारवाला येतोय," मुलगा म्हणाला. "बोलणं झालंय."

"आणि आक्का?"

"मी नेईन ना तुम्हाला. दुकान बंद असेल त्या दिवशी."

"म्हणजे वर्षातून दोनदा! नव्वद वर्षांच्या बाईला सांगू, दुकानाचं दिवाळं निघेपर्यंत थांब म्हणून?"

"बाबा, उद्या खांबाच्या जागी एखादं पोर असेल."

तो चूक होता, पण हे बरोबर बोलला. त्याचाच जास्त राग आला.

ही मध्ये पडली. "शुक्रवारी मिस्त्रीणबाईकडे गाडी दाखवा. ती म्हणाली गाडीचा दोष, तर गाडी राहील. ती म्हणाली नाही, तर तुम्ही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

मिस्त्रीणबाई म्हणजे आमच्या जुन्या मिस्त्रींची लेक. पन्नाशीची, मनगटं पान्यासारखी. बाप गेल्यावर गॅरेज तिने चालवलं आणि बापाची पाटीही काढली नाही. भिंतीवर आजही लिहिलेलं आहे: 'मालकाने बोलू नये.' मिस्त्रींचं म्हणणं असं की माणूस गाडीबरोबर रोगाचं नावही घेऊन येतो, आणि निम्म्या वेळा आपण गाडी सोडून त्या नावालाच औषध देत बसतो. शुक्रवारी मुलाने स्वतःकडच्या दुसऱ्या किल्लीने गाडी तिथे नेली, आणि ती उजवीकडे ओढली तेव्हा म्हणाला, रस्त्याला उतार आहे.

"काका, त्या स्टुलावर. तोंड बंद."

"बाई, मी फक्त एवढंच—"

"पाटी वाचता येते ना?"

मुलगा गालात हसला. "तोच तर प्रश्न आहे. यांचे डोळे—"

"तुम्हीही मालकच. दुसरं स्टूल तिकडे."

बापलेक दोन स्टुलांवर, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. बोलायचं नाही हे मला किती जड गेलं ते सांगत नाही. पोटात तीन वाक्यं आडवी झाली होती.

बाई गाडीसमोर उकिडवी बसली आणि नुसती बघत राहिली. मग उठून डाव्या चाकावरच्या पत्र्यावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार दिला आणि सोडला. कोपरा वर आला, जरा डुलला, थांबला. उजवीकडे तेच केलं. तिथला कोपरा वर आला, खाली गेला, पुन्हा वर, पुन्हा खाली. बाई कमरेवर हात ठेवून तो थांबण्याची वाट बघत राहिली. मी मनात मोजत होतो. पाच. मुलाकडे बघितलं तर तो बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

मग तिने टेप काढली. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजलं, आणि खडूने दोन्हीकडचे आकडे पत्र्यावर लिहिले. डावीकडे एकोणचाळीस सेंटीमीटर. उजवीकडे पस्तीस.

चार सेंटीमीटर! चार सेंटीमीटर उतरत्या खाटेवर झोपवा कुणालाही, आणि मग विचारा की कुशीवर का वळतोस!

हे मी मोठ्याने बोललो नाही. पण माझ्या घशातून काहीतरी आवाज आला असावा, कारण बाई मागे न बघता म्हणाली, "काका."

गाडी जॅकवर चढली, उजवं चाक निघालं. बाईने टायरवरून तळवा फिरवला, मग मुलाला बोटाने बोलावून त्याचा तळवा फिरवला. खळगा, उंचवटा, खळगा, उंचवटा. आत स्ट्रट होता, म्हणजे स्प्रिंगच्या मधोमध बसलेला धक्का शोषणारा दांडा. त्याचं तेल गळून त्यावर धुळीचा काळा लगदा जमला होता. वरचं रबर तिने बोटाने दाबलं तर बिस्किटासारखा चुरा पडला. शेवटी तिने टॉर्च घेतला. तसाच टॉर्च, पण योग्य डोळ्यात मारलेला! स्प्रिंगच्या खालच्या ताटलीत बोटं घातली आणि एक तुकडा बाहेर काढला. वाकडा, गंजलेला, वीतभर. स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटून तिथेच पडला होता.

"हा आजचा नाही," बाई म्हणाली. "बरेच महिने झाले. डावीकडची नवी कुणी घातली?"

"मी," मुलगा म्हणाला. "म्हणजे शेजारच्या गॅरेजवाल्याकडून."

"आणि उजवी?"

"उजवी तेव्हा चांगली होती. मोडली होती ती डावी. तो म्हणाला होता दोन्ही बदला, पण मीच म्हटलं, कशाला?" त्याने चष्मा नाकावर वर ढकलला. "आमच्याकडे एका डोळ्याचा नंबर बदलला तर तेवढीच काच बदलतात. दुसरी कशाला फेकायची?"

बाईने तो तुकडा त्याच्या हातात ठेवला.

"डोळे एकमेकांचं ओझं उचलत नाहीत हो. चाकं उचलतात. नवी डावी ताठ उभी राहिली, जुनी उजवी थकलेली, सगळा भार तिच्यावर कलला. ती बसली, तेल गेलं, वेढा तुटला. मग गाडी उजवीकडे नाही जाणार तर कुठे? स्प्रिंग आणि स्ट्रट, दोन्ही बाजूंचे, जोडीनंच बदलायचे."

मी पाटीकडे बोट दाखवलं. बाई म्हणाली, "बोला आता, काका."

आणि वर्षभर साठवलेलं ते सगळं बाहेर आलं. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पलीकडे टायरला हवा भरणारा माणूस यंत्र बंद करून ऐकायला आला, एवढंच सांगतो. मुलाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "माझं चुकलं बाबा." इतकं सरळ म्हणाला की माझी अर्धी भाषणं वाया गेली. याचाही मला राग आला.

दुरुस्ती दुपारपर्यंत चालली. नव्या स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे लावून बाई ती आवळू लागली. एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे, बरोबरीने. "समोर उभं राहू नका," ती म्हणाली, "सुटली तर भिंतीतून जाईल." दोन्ही बाजू बसल्या, चाकांचे कोन यंत्रावर जुळवले. पत्र्यावर खडूने दोन नवे आकडे लिहिले गेले. एकोणचाळीस, एकोणचाळीस.

घरी आल्यावर हिने पिठाचा डबा उघडला. किल्ली पांढरी शुभ्र निघाली. पण हातात दिली नाही. काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास घेऊन ही स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसली, वर्षात पहिल्यांदा. "चला. गतिरोधकावरून." मी नाकावरचा तिसरा चष्मा मुलाच्या खिशात घातला आणि कपाटातला जुना लावला, या सगळ्या भानगडीच्या आधीचा. मुलाने गुपचूप टॉर्च काढून माझी परीक्षा घेतली. दूरच्या दुकानावरची पाटी वाचायला लावली. वाचली. मग तो हळूच म्हणाला, "हाच बरोबर आहे." मी मुलाच्या किल्लीने गाडी काढली. गतिरोधक आला, गाडी चढली, उतरली, थांबली. हिच्या साडीवर दोन थेंब पडले. "घ्या तुमची किल्ली," ही म्हणाली.

शनिवारी भंगारवाला येऊन तुटका आरसा घेऊन गेला. मंगळवारी मी आक्काकडे गेलो. मुलगा दुकान बंद ठेवून बरोबर आला. मागे, खांबाच्या बाजूची काच खाली करून बघत बसला होता. खांबापासून हातभर अंतर राहिलं.

आक्का उशीला टेकून तयार होती. "बोल थापाड्या."

त्या दिवशी मी एक अक्षर वाढवलं नाही. तीन चष्मे, छापखान्याचं नाव, चार सेंटीमीटर, पोराने एकच स्प्रिंग बदलली ते, सगळं जसंच्या तसं. शेवटी खिशातून तो गंजका तुकडा काढून तिच्या पांघरुणावर ठेवला.

आक्काने तो तुकडा बोटाने बाजूला सारला.

"वय झालं तुझं," ती म्हणाली. "आगगाडी थांबवलीस, ते मानलं. पण शिकलासवरलेला पोरगा गाडीची स्प्रिंग चष्म्याच्या काचेसारखी एकच बदलतो? जरा पटेल असं तरी सांगावं!"

मी मुलाकडे बघितलं. तो घसा खाकरून पुढे झाला. "आत्या, खरं आहे. मीच तो."

"अरेरे," आक्का कळवळून म्हणाली, "तुलाही लागली का बापाची सवय?"

आता मी काय करावं, तुम्हीच सांगा. मी तो लोखंडाचा तुकडा उचलला, दोन्ही हातांत धरला आणि म्हणालो, "बरं, मग ऐक. मिस्त्रीणबाई स्प्रिंग आवळत होती, आणि ती सुटली. भिंतीतून गेली, पलीकडच्या बँकेतून गेली, आणि साहेबाच्या खुर्चीखाली जाऊन अशी उघडली, की साहेब..."

"वर गेला," आक्का म्हणाली आणि उशी सरळ करून बसली. "हं. हे खरं वाटतंय. किती वर?"