पहिला हात

शनोयाने मान झटकन बाजूला घेतली आणि आयोनी मावशीच्या बोटांवरचा कोरफडीचा गर तिच्या कानात ओघळला.

"हलू नकोस गं! डोकं आहे की टोपलीतला खेकडा?"

"मावशी, नको. मम्मी करणार आहे."

"मी कुठे काय करतेय? नुसता भांग पाडून बघत होते."

नुसता भांग पाडून बघायला कुणी भल्या सकाळी कोरफडीची तीन पानं सोलून वाडगाभर गर काढत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. मावशी मागच्या दारच्या पायरीवरून उठली, उरलेला गर आपल्याच गालांना चोपडला आणि म्हणाली, "म्हातारीचं तोंड तरी तुकतुकीत होईल. चर्चमध्ये विचारतील, आयोनी, कोण भेटलाय?"

शनोयाला हसू आलं, पण केसांवर आडवा धरलेला हात तिने काढला नाही.

शेवटचा पेपर गुरुवारी संपला होता. पाच वर्षं शाळेच्या नियमापायी केस ताणून, तेल थापून, मुठीएवढ्या गाठीत कोंबले होते. सप्टेंबरपासून नवं कॉलेज, तिथे केसांना कुणी हटकत नव्हतं. तिला जटा हव्या होत्या, बट-बट पिळून वाढवतात तशा. पोर्ट अँटोनियोत अर्ध्या मुली जटा बाजारावरच्या सलूनमध्ये सुरू करून घेत. दोन-अडीच तास पंख्याखाली बसलं की झालं. पण मम्मीने फोनवर सांगून ठेवलं होतं, "बेबी, तुझ्या जटा मीच सुरू करणार. घरी, पायरीवर. डोक्यात पहिला हात आईचा पडला पाहिजे. जट वाढेल तसा तो हातही तिच्यात राहतो."

हातबित राहतो की नाही, शनोयाला माहीत नव्हतं. तिचा हिशोब निराळाच होता. घरी जटा सुरू करायच्या म्हणजे अख्खा दिवस जातो. पायरीच्या खालच्या टप्प्यावर आपण, वरच्या टप्प्यावर आई, मध्ये आपलं डोकं तिच्या गुडघ्यांत. आईचे दोन्ही हात गराने बरबटलेले. तिला उठता येत नाही, फोन घेता येत नाही, कुठे जाता येत नाही. सहा वर्षं मम्मी टोरांटोत परक्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती, आणि शनोयाला ती फोनच्या चौकटीएवढीच दिसत होती. हात तर दिसायचेच नाहीत. एक फोन धरायला, दुसरा चौकटीबाहेर.

"मग बुधवारपर्यंत अशीच फिरणार?" मावशीने आतून विचारलं. "नीरफणसाला केस फुटल्यासारखी?"

"हो!"

"फीर बाई. मला काय."

बुधवारी मम्मी, म्हणजे डेलरोज, आली, दोन बॅगा आणि एक खोकला घेऊन. गाडीतून उतरून तिने लेकीला मिठी मारली, तेव्हा तिचं नाक शनोयाच्या गळ्याशी आलं. दोघींनाही हे अपेक्षित नव्हतं. क्षणभर कुणी कुणाला कुशीत घ्यायचं तेच कळेना.

मम्मी दहा, बारा नाही, पूर्ण तेरा दिवस राहणार होती. पण तिकडे राहायचे कागद मिळाल्यावर सहा वर्षांनी परतलेली बाई एकट्या लेकीची थोडीच असते? गुरुवारी चर्चच्या बायका आल्या आणि अ‍ॅकीच्या भाजीचं पातेलं रिकामं करून गेल्या. शुक्रवार बँकेने खाल्ला, शनिवार एका आजारी चुलत्याने. रविवारी टोपी घालून प्रार्थना, मग टोपी काढून गप्पा. सोमवारी शनोया कंगवा आणि वाडगा घेऊन पायरीवर जाऊन बसली. मम्मी आली, वरच्या टप्प्यावर टेकली, "आह, इथे काय वारा येतो गं," म्हणाली आणि भिंतीला डोकं लावून तिथेच झोपली. तोंड किंचित उघडं. शनोया दोन तास माश्या वारत बसली.

"उद्या, बेबी," जागी झाल्यावर मम्मी म्हणाली. "उद्या नक्की."

बुधवारी जेवताना तिने काटा खाली ठेवला आणि हात चोळले.

"आता एक गंमत सांगते. शनिवारी सकाळी दहा वाजता. मिस पेट्रोनाचं सलून! कालच फोन करून नंबर लावलाय मी, कशीबशी जागा मिळाली. रांग असते तिच्याकडे, रांग!"

ताटातला तळलेला केळ्याचा तुकडा शनोयाने उगाच उलटा केला.

"घरी करणार होतीस ना?"

"तेच म्हणत होते गं आधी. पण मग विचार केला, माझा हात आता बसलेला नाही. वेड्यावाकड्या झाल्या तर? नवं कॉलेज. माझ्या लेकीला सगळ्यात चांगलं मिळायला हवं." मम्मीचे डोळे असे चमकत होते, जणू तिने घर बांधून दिलं होतं. "आवडलं ना?"

"मस्त!" शनोया म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने.

आयोनी मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि न विचारता तिच्या ताटात आणखी एक केळ्याचा तुकडा वाढला.

मिस पेट्रोना कामाला वाघीण होती. बोटांत अंगठ्या, दातांत चिमटा, आणि तोंडाचा पट्टा तिन्ही खुर्च्यांना पुरेल एवढा.

"पहिला हात माझाच का?" भांग पाडता पाडता तिने विचारलं. "घरात कुणी घातलेला नाही ना?"

"नाही," शनोया म्हणाली.

काचेच्या दाराबाहेर मम्मी फोनवर येरझारा घालत होती. टोरांटोहून कुणीतरी विचारत होतं, मंगळवारच्या पाळीला येणार ना? ती मान डोलवत होती, फोनमधल्या माणसाला ते दिसणार असल्यासारखी.

बारीक कंगव्याच्या टोकाने बट गरगर फिरवायची की झाला तिचा स्प्रिंगसारखा पीळ. एक, दुसरा, पन्नासावा. साडेबाराला आरशात एक नवीच मुलगी बसली होती. मान लांब, कपाळ मोकळं, डोक्यावर सरळ रेषांत चकचकीत पीळ. आणि खरं सांगायचं तर ती सुंदर दिसत होती. शनोयाला याचाच राग आला.

"दोन आठवडे पाणी नाही," मिस पेट्रोना बोट नाचवत म्हणाली. "समुद्र नाही, नदी नाही, पाऊस आला तर पिशवी. नुसत्या कंगव्याचे पीळ आहेत. ओले झाले की गेले. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

मम्मी आत आली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून उभीच राहिली. मग तिने फोटो काढले. समोरून, मागून, बाजूने. केसांना मात्र हात लावला नाही. बिघडतील म्हणून.

सोमवारी बाराला मम्मीला विमानतळावर न्यायला गाडी येणार होती. सकाळी सातला शनोया नदीवर गेली.

कमरेएवढ्या पाण्यात ती बराच वेळ उभी होती. आपण करतोय ते वाईट आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. ते पुन्हा पुन्हा मनाशी म्हणून पाहिलं, तरी पाय काठाकडे वळेनात. मग तिने नाक धरलं आणि डुबकी मारली.

ती घरी आली तेव्हा मम्मी बॅगेवर गुडघा दाबून तिची चेन ओढत होती. तिने वर पाहिलं आणि चेन हातातच राहिली. शनोयाच्या डोक्यावर एकही पीळ नव्हता. सगळे केस मोकळे, फुललेले, टपटप गळणारे.

"पाय घसरला," शनोया म्हणाली. "नदीत."

"लागलं का?"

"नाही."

मम्मी उठली. जवळ आली. वाकून वास घेतला.

"घसरलीस तेव्हा शाम्पूची बाटली हातात होती वाटतं?"

शनोयाची मान खाली गेली. स्वयंपाकघरात मावशीने वाजवत ठेवलेली भांडी एकदम गप्प झाली. आता ओरडा बसणार. बसावाच. निदान तो तरी फोनवरचा नसेल.

मम्मीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पायाने बॅग बाजूला सारली, मागच्या दाराने बाहेर गेली आणि पायरीच्या वरच्या टप्प्यावर बसली.

"ये," ती म्हणाली. "कोरफड आण. ओले आहेत तोवरच होतात."

तिने मानेपासून सुरुवात केली. कंगवा नाही, नुसती बोटं. त्या बोटांची कातडी फाटली होती. केस त्यात अडकत, ओढले जात. औषधी साबणाचा वास काही केल्या त्यांतून जात नव्हता. दुखत होतं. शनोयाने ते सांगितलं नाही.

"एवढी उंच कधी झालीस?" बऱ्याच वेळाने मम्मी म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगितलं होतं. सँडल मागितल्या तेव्हा."

"सँडलचा नंबर सांगितलास. उंची नाही सांगितलीस."

आत फोन वाजला. वाजत राहिला. मम्मीने बरबटलेले हात वर धरून त्या दिशेला पाहिलं आणि पुढची बट घेतली.

मम्मीने एकदा विचारलं, रात्री अजून दिवा लावून झोपतेस का. शनोया म्हणाली, नाही, कधीच सोडलं. मम्मी "हं" म्हणाली आणि तिची बोटं थोडा वेळ थांबली. दोन्ही कानांपर्यंत मागचं डोकं झालं आणि खालून भोंगा वाजला.

मम्मी उठली नाही. आणखी एक बट घेतली, पिळली. भोंगा पुन्हा वाजला.

"डेलरोज," दारातून आयोनी मावशी हळूच म्हणाली. "विमान थांबत नाही गं."

मम्मीने हात स्वतःच्या प्रवासाच्या झग्यालाच पुसले. मागून वाकून लेकीच्या मानेवर, नुकत्या पिळलेल्या जटांवर, ओठ टेकवले. "उरलेल्या..." एवढंच म्हणाली. उरलेल्यांचं काय, ते काही तिने सांगितलं नाही.

गाडी वळणाआड गेली तरी शनोया पायरीवरच बसून होती. पुढचे केस वाळत चालले होते. मावशी बाहेर आली, तिच्या डोक्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं, कण्हत वरच्या टप्प्यावर बसली आणि पुढची बट हातात घेतली. एक वेढा दिला. मग थांबली. मागची एक जट उचलून उजेडाकडे धरली. दुसरी उचलली. आणि खुदकन हसली.

"काय झालं?"

"अगं, ही डावखुरी ना! सगळ्या उलट्या पिळल्यात. लहानपणी आम्ही दोरी वळायचो तेव्हाही हेच. हिची अर्धी दोरी माझ्या अर्धीला जोडली की दोन्हींचा पीळ सुटायचा. आई दोघींना बदडायची."

"मग आता?"

"आता काय? माझ्या हाताने केल्या तर अर्धं डोकं एकीकडे, अर्धं दुसरीकडे. पुढच्या महिन्यात जो कुणी त्या पुन्हा पिळायला बसेल तो एकीला घट्ट करताना दुसरीला सोडेल. पेट्रोनाकडे जा. ती मागचंही सोडवून सगळं एकसारखं करून देईल."

"मागचं सोडवायचं नाही."

"मग?"

शनोयाला काय म्हणायचं होतं ते तिला नीट माहीत नव्हतं. ती गेली सहा वर्षं ज्या घरात वाढली, तिथे तिच्या वेण्या कोण घालत होतं, तापात उशाशी कोण बसत होतं, हे काही तिला आज कळलं नव्हतं. पण गराचा वाडगा घेऊन बसलेल्या या बाईकडे तिने आजवर मान वळवून असं पाहिलं नव्हतं.

"तू कर ना," ती म्हणाली. "मावशी, तूच कर."

आयोनी मावशीने वाडगा उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला. डाव्या हाताच्या बोटांत बट धरली आणि उलटी फिरवू लागली. बट सुटली. पुन्हा धरली. पुन्हा सुटली.

"हसायचं नाही हं."

"नाही हसत."

"या हाताने मी साधी चिठ्ठीसुद्धा लिहिलेली नाही कधी. संध्याकाळ होईल बघ."

"होऊ दे," शनोया म्हणाली, आणि मागे सरकून तिच्या गुडघ्यांना टेकली.