नाक दाबलं की

डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेले अत्तरबाबा नुसता रुमाल हुंगून रोग ओळखत, त्यामुळे सभागृहात पाय ठेवायला जागा नसे. शिष्या एकेकाचा रुमाल त्यांच्या नाकाशी धरी. बाबा लांब श्वास घेत आणि म्हणत, "गुडघे." गुडघेवाली बाई रडायलाच लागे. मग तिला त्या दुखण्यावरच्या सुगंधी तेलाची बाटली मिळे.

मागच्या ओळीत थोरली बसली होती. ती इस्पितळात श्वास तपासण्याच्या खोलीत कामाला होती, आणि तिचा धाकटा भाऊ त्याच इस्पितळात ऑक्सिजनवर होता. काही दिवसांपूर्वी बाबांनी त्याचा रुमाल हुंगून दमा ओळखला, तेल दिलं आणि श्वासाचा पंप कचऱ्यात टाकायला लावला. बंद खोलीत त्या तेलाची वाफ घेता घेता पोरगा निळा पडला. तरी आईचा हेका कायम होता: मात्रा कमी पडली, एरवी रोग कसा अचूक ओळखला त्यांनी? आज ती दुप्पट मात्रेची बाटली घेऊन थोरलीच्या शेजारी बसली होती आणि इथून थेट वॉर्डात जाणार होती. तिला समजावण्यात थोरलीने बरीच तोंडाची वाफ दवडली होती. आता समजवायचं नव्हतं, बाबांवर उट्टं काढायचं होतं.

आधीच्या बैठकीत तिने कान लावून ऐकलं होतं. दारात पाणी देताना शिष्या प्रत्येकाशी जिव्हाळ्याने बोलायची आणि काय दुखतंय ते काढून घ्यायची. रुमाल पुढे करताना मात्र ती कधी "घ्या, बाबा" म्हणे, कधी "सांगा, बाबा", तर कधी "पाहा, बाबा". डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला पाहायला कोण सांगतं? त्या एका शब्दाशी थोरली अडखळली आणि पुढचं सगळं उलगडत गेलं. घ्या म्हणजे दमा, सांगा म्हणजे निद्रानाश, पाहा म्हणजे गुडघे.

आज तिने दारात गुडघेदुखी सांगितली. पाळी आल्यावर रुमालाबरोबर तिने नाकाचा चिमटाही बाहेर काढला. श्वास तपासताना नाकाने हवा जाऊ नये म्हणून लावतात, तो. बाबांचं ज्ञान आत्म्याचं आहे की नुसतं नाकाचं, हे सगळ्यांना कळू द्या, असं तिने हात जोडून विनवलं. बाबा हरभऱ्याच्या झाडावर चढले. खुशाल लावा, म्हणाले. त्यांना नाक लागतच नव्हतं, कान लागत होते.

"पाहा, बाबा," शिष्या म्हणाली.

"गुडघे," बाबा गेंगाण्या आवाजात म्हणाले. टाळ्या पडल्या.

थोरलीने शिष्येच्या हातून रुमाल काढून घेतला, डोळे वटारून तिला गप्प केलं आणि तोच रुमाल पुन्हा बाबांपुढे धरला. कुणी काही बोलेना. बाबा मान इकडेतिकडे हलवू लागले.

"घ्या, बाबा," थोरली म्हणाली.

"दमा. जुनाट दमा."

"सांगा, बाबा."

"झोप. झोप लागत नाही."

एक रुमाल, तीन रोग. आणि तोही कोरा. दुकानाची चिठ्ठी चिकटलेला कोपरा तिने सगळ्यांना दाखवला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग कुणालाच हसू आवरेना. बाबांनी पट्टी ओढून काढली, पण चिमट्याचं भान राहिलं नाही; त्याच गेंगाण्या आवाजात ते शिव्याशाप देऊ लागले. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते खोटं नाही. थोरलीला मनापासून आनंद झाला आणि त्याची तिला आजही लाज वाटत नाही.

एक गुडघेवाली बाई हिरमुसली होती. "पण त्या तेलाने मला शांत वाटतं, ते?"

"वाटत असेल. मलाही तो वास आवडतो," थोरली म्हणाली. "जीव निवतो, शीण उतरतो, कुणाला झोपही लागते. पण झिजलेला गुडघा वासाने भरत नाही, आणि उग्र वासाने दमेकऱ्याच्या श्वासनळ्या उलट आवळू शकतात. वास खुशाल घ्या. पण औषध सोडा म्हणणाऱ्याला आधी विचारा, तुला कसं कळलं?"

परतल्यावर वॉर्डाबाहेर आईने ती बाटली थोरलीच्या हातात दिली, साबणाने हात धुतले, हुंगून पाहिले आणि पुन्हा धुतले. मग आत जाऊन धाकट्याच्या उशाशी बसली.

"पंप घेतलास का रे?" तिने विचारलं.