चोरीचं पिल्लू

मित्रांनो, मला इकडे सगळे 'वाईट आई' म्हणतात. का, तर मी माझी पिल्लं कुंडीबाहेर लोंबकळत ठेवते! अहो, बाहेर गेल्याशिवाय त्यांना स्वतःची माती कशी मिळणार? पण लोकांना कोण समजावणार?

मानिसालेस शहरात आंपारोबाईंच्या खिडकीत मी चौदा वर्षं काढली. त्यांच्या आईने शेवटच्या आजारपणात त्यांच्या हाती दिलेलं मी एक हिरव्या-पांढऱ्या लांब पानांचं रोप. म्हणून माझं एकही पिल्लू त्या कुणाला देत नसत.

बाई घरीच बुटांचे तळ चिकटवायच्या. खोलीभर गोंदाचा उग्र वास. एकदा रेडिओवर कुणीतरी म्हणालं, अशी झाडं घरातली हवा शुद्ध करतात. झालं! बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, "हिच्यामुळे माझा खोकला गेला हो!" मी नुसती फुशारून जायची. खरं तर जवळजवळ सगळं काम उघड्या खिडकीचं होतं, पण मी कशाला बोलू?

खालच्या मजल्यावरची नुबिया रोज कॉफीला यायची. एके दिवशी बाई आत गेल्या आणि तिने माझं पिल्लू खुडून झग्याच्या खिशात टाकलं. मी ओरडणार तरी कशी?

पुढे बाईंची माया फारच वाढली. "एवढी हवा गाळतेस, दमली असशील. पी गं!" सकाळी पेला, दुपारी पेला. माझी मुळं कुजली, पानं पिवळी पडली.

"आईची एवढीच आठवण होती गं माझ्याकडे!" नुबियासमोर बाई ढसाढसा रडल्या.

नुबिया तरातरा खाली गेली आणि एक भरगच्च कुंडी घेऊन वर आली. मान खाली.

"तीन वर्षांपूर्वी चोरलं होतं, बाई. चोरलेलं रोप चांगलं रुजतं म्हणतात ना..."

"चोरटी मेली! माझ्याच घरात, माझीच कॉफी पिऊन?"

"कॉफीपण पाणचटच होती."

बाई रडता रडता खो खो हसल्या आणि त्यांनी कुंडीलाच मिठी मारली.

त्या कुंडीतली मीच हो! आमच्यात आई आणि पिल्लू वेगळं नसतं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, आम्हाला जीव लावा, पण बुडवू नका. माती सुकली की मगच पाणी द्या, खिडकी उघडी ठेवा, आणि पिल्लं वाटा. आंपारोबाई मात्र अजूनही हाताने देत नाहीत. दिलेलं रुजणार नाही म्हणतात. शेजारीण माझ्याकडे टक लावून बघू लागली, की त्या पाठ फिरवतात आणि मोठ्याने सांगतात, "मी कॉफी टाकायला जाते गं. मला चांगला वेळ लागेल हं!"