चार नंबरची चिठ्ठी

पहिली चुकीची चिठ्ठी गिरीश बर्वेच्या हातात पडली ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, सामन्याच्या एकेचाळिसाव्या मिनिटाला.

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये खेळाडू बदलायची तर आत जाणारीचं आणि बाहेर येणारीचं नाव, दोघींचे नंबर, असं सगळं एका चिठ्ठीवर लिहून पंचाला द्यावं लागतं. चिठ्ठी मॅनेजर लिहितो. मॅनेजर म्हणजे आपल्या भाषेत कोच. मेनूथच्या अलीकडच्या त्या छोट्या कॉलेजात मुलींच्या संघाच्या चिठ्ठ्या पंचापर्यंत नेण्याचं काम गिरीशकडे होतं. तो डब्लिनच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायचा, नावनला राहायचा आणि शनिवारी क्लिपबोर्ड घेऊन मैदानाच्या कडेला आकडे टिपत उभा राहायचा. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी स्वरांगी चार नंबरची जर्सी घालून बचावफळीत खेळायची.

मॅनेजर डोनल ग्रेलीने दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की ईफा ब्रेडी आत जाईल. संघात या नावाची कोणीच नव्हती. ईफा तीन वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेली होती. क्लबहाउसच्या भिंतीवर तिचा फोटो होता, म्हणून गिरीशला नाव तरी ठाऊक होतं. आत जायला उभी होती ती दुसरीच मुलगी. गिरीशने चिठ्ठी खिशात घातली, नव्या चिठ्ठीवर बरोबर नाव लिहिलं आणि ती पंचाला दिली. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. डोनलला काही कळलं नाही. तो अडुसष्ट वर्षांचा होता. या वयात नाव विसरणं काही विशेष नाही, असं गिरीशने स्वतःला सांगितलं.

नोव्हेंबर संपेपर्यंत पाच सामने झाले. डोनलने नऊ चिठ्ठ्या दिल्या, त्यांतल्या सहा चुकीच्या होत्या. गिरीशने सहाही नव्याने लिहिल्या आणि मूळ चिठ्ठ्या घरी आणून, बारीक फाडून कागदाच्या बिनमध्ये टाकल्या. एरवी प्रत्येक गोष्टीचा आकडा लिहून ठेवणाऱ्या माणसाने हा आकडा मात्र कुठेच लिहिला नाही.

संघ पाचपैकी चार सामने हरला. मॅनेजर बदलावा की ठेवावा, यावर मत घ्यायला कॉलेजच्या क्लबने डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी सभासदांची सभा बोलावली.

त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी नावनची मराठी मंडळी रोहितच्या घरी जमली. स्वरांगी संघात आली तेव्हापासून ही सगळी क्लबची सभासद झाली होती. एकूण अकरा मतं. रोहित मूळचा अमरावतीचा, सॉफ्टवेअरमधला, आणि सामन्यात सगळ्यात मोठ्या आवाजात ओरडणारा.

"पाचात चार हरलो! क्रिकेटचा कोच असता तर एव्हाना त्याच्या घराला पोलीस बसवावे लागले असते."

"दोन वर्षांपूर्वी तूच विचारत होतास, फुटबॉल आहे तर बॉल हातात का घेतात," स्नेहलता म्हणाली. ती रोहितच्याच ऑफिसात होती आणि कुणाचं काहीही विसरत नसे.

"तेव्हा अडाणी होतो, आता एक्स्पर्ट आहे. अरे, युअर मॅन डोनल करतो काय, सगळ्या पोरींना मागे उभं करतो. मग पुढे जाऊन गोल कोण मारणार, पंच?"

"आणि तो गेला तर कोण येणार, ते माहितीये? तो निवड समितीतला किलियन. त्याला पाच फूट आठच्या खाली माणूस दिसतच नाही."

सगळ्यांच्या नजरा स्वरांगीकडे वळल्या. तिची उंची पाच फूट दोन होती.

"आय'म राइट हिअर, लाइक," ती म्हणाली आणि प्लेट घेऊन स्वयंपाकघरात गेली.

दोन वर्षांपूर्वीच्या निवड चाचणीत किलियनने तिचं नाव खोडलं होतं आणि डोनलने ते परत लिहिलं होतं. गिरीश तेव्हा तिथे होता. डोनल म्हणाला होता, "उंच मुलगी उशिरा पोचते त्यापेक्षा बुटकी वेळेवर पोचलेली बरी." त्या दिवशी गाडीत स्वरांगी अर्धा तास रडली होती, आनंदाने.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर रोहितचे वडील पद्माकर बसले होते. तीन महिन्यांसाठी आले होते. अमरावतीला त्यांनी पस्तीस वर्षं कबड्डीचे संघ तयार केले होते.

"तुमी सारे डावपेचाचं बोलून राहिले," ते म्हणाले. "मी त्या माणसाले पाहून राहिलो होतो. त्यानं पोरीले बोलावलं अन् मधातच थांबला. तिच्या पाठीवरचा नंबर पाह्यला, मंग हातातल्या कागदात पाह्यलं, मंग बोलला. कोच आपल्या पोरीचं नाव कागदात शोधते काय?"

"बाबा, अठ्ठावीस पोरी आहेत त्याच्याकडे."

"माह्याजवळ चाळीस रायचे. झोपेतून उठवलं तरी नाव सांगन. बापाच्या नावासकट."

लोक हसले. गिरीश हसला नाही.

"गिरीश, तू बोल बाबा आता," रोहित म्हणाला. "तू त्याच्यापासून दोन फुटांवर असतोस. तू म्हणशील तिकडे आमची अकरा मतं. माणूस चांगलाय की गेलाय?"

गिरीशने कप खाली ठेवला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. स्वरांगी ऐकत होती.

"डोनल ग्रँड आहे, एकदम ठीक," तो म्हणाला. "बदल विचार करून करतो, चिठ्ठी वेळेवर देतो. माझ्याकडे सगळे आकडे आहेत. संघ नवा आहे, वेळ द्यायला हवा."

"विषय संपला," रोहित म्हणाला. स्नेहलताने मान डोलावली. पद्माकरांनी गिरीशकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि चहा संपवला.

मंगळवारच्या सभेत गिरीश डोनलच्या बाजूने चार मिनिटं बोलला. डोनलला ठेवावं या बाजूने एकतीस मतं पडली आणि विरोधात अठ्ठावीस. दोन मतं फिरली असती तरी निकाल उलटा लागला असता.

त्या शनिवारी, अठराव्या मिनिटाला, खाली वाकून बॉल उचलताना समोरच्या मुलीचा गुडघा स्वरांगीच्या कानशिलावर बसला. ती उठली, दोन पावलं चालली आणि खाली बसली. गिरीश धावत गेला. तिने त्याला स्कोअर विचारला. त्याने सांगितला. तिने पुन्हा विचारला.

तिची आई वृंदा प्रेक्षकांत होती. ती हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात डॉक्टर. तिने मैदानातच मुलीच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं आणि तिला गाडीत बसवलं. बदली खेळाडूची चिठ्ठी गिरीशनेच लिहिली, कारण डोनल पॅड हातात धरून त्याला विचारत होता, "पडलं कोण?"

संध्याकाळी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तीन आठवडे मैदानावर पाय ठेवायचा नाही, पळायचंसुद्धा नाही, असं तपासणाऱ्या डॉक्टरने पत्रात लिहून दिलं. वृंदाने त्याचा अर्थ नवऱ्याला नीट सांगितला.

"पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर मेंदूला सूज येते. मग आमच्या हातात फारसं काही राहत नाही. मी अशी एक मुलगी बघितली आहे, गिरीश. मला दुसरी बघायची नाही."

सोमवारी सरावाच्या वेळी गिरीशने ते पत्र स्वतः डोनलच्या हातात दिलं. डोनलने चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं. "पोरीची काळजी घे," तो म्हणाला.

पुढचा सामना स्वरांगीला मार लागल्यापासून चौदाव्या दिवशी होता. त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, डोनलचा तिला फोन आला. गिरीश समोरच होता. ती "ग्रँड, डोनल" असं तीनदा म्हणाली.

"काय म्हणाला?"

"नथिंग, बाबा. जर्सी घालून बेंचवर बसायचंय. जस्ट टू सिट, लाइक."

"पत्राचं बोलला काही?"

"ही हॅज इट, बाबा. ही नोज."

वृंदाची शनिवारी ड्यूटी होती. तिने एकच प्रश्न विचारला, "बसायला जर्सी कशाला लागते?"

शुक्रवारी गिरीशने क्लबच्या सेक्रेटरीला, ब्रीडला, फोन केला आणि चिठ्ठ्यांचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग फाइल उघडल्याचा आवाज आला.

"पंच सगळ्या चिठ्ठ्या मला पाठवतात," ती म्हणाली. "या मोसमात दहा आल्या आहेत. दहाही बरोबर आहेत."

"त्यातल्या सात मी लिहिल्यात."

"अक्षर तुझं दिसतंय खरं. पण मॅनेजर सांगतो आणि मदतनीस लिहितो, हे सगळीकडे चालतं. मूळ चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"फाडल्या."

फाइल मिटल्याचा आवाज आला. "सतरा दिवसांपूर्वी तू सभेत उभा राहून सांगितलंस की हा माणूस उत्तम आहे. मी तुझ्या बोलण्यावर मत दिलं, गिरीश. आता मुलगी जखमी झाली म्हणून तू उलटं सांगतोयस, असं लोक म्हणतील. मला एक चुकीची चिठ्ठी आणून दे. एकच. सोमवारी बोलू."

गिरीशने ठरवलं, उद्या चिठ्ठी चुकली की ती फाडायची नाही. नवीही लिहायची नाही. आहे तशी पंचाला द्यायची.

शनिवारी मैदानावर वारा होता. स्वरांगी चार नंबरची जर्सी घालून, वर जाकीट चढवून बेंचवर बसली. गिरीश तिच्यापासून पाच पावलांवर उभा होता. पहिल्या अर्ध्यात डोनलने एकही बदल केला नाही. दुसऱ्या अर्ध्यातही सामन्याचं पन्नासावं मिनिट येईपर्यंत पॅड त्याच्या बगलेतच होतं. संघ दोन पॉइंटनी मागे होता.

मैदानाच्या कडेच्या दोरीपलीकडून रोहितने सुरुवात केली. "स्व-रां-गी! स्व-रां-गी!" बाकीच्यांनी आवाज उचलला. आयरिश पालकांनाही ते नाव आता म्हणता येत होतं. डोनलने आवाजाच्या दिशेने पाहिलं. मग पॅड काढून लिहायला लागला. बराच वेळ लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने बेंचकडे बोट केलं.

गिरीशने चिठ्ठी घेतली आणि चूक शोधली.

आत: ४, स्वरांगी बर्वे. बाहेर: १९, आणि एकोणीस घातलेल्या मुलीचं खरं नाव. नावं बरोबर, नंबर बरोबर, अक्षर सुबक. डोनलने इतकी स्वच्छ चिठ्ठी या मोसमात दिली नव्हती.

स्वरांगीने जाकीट काढलं होतं. ती लाइनवर येऊन उड्या मारून पाय सैल करत होती. खेळ थांबला होता. पंच आला आणि त्याने हात पुढे केला.

गिरीशचा हात उचलला गेला नाही.

"बाबा, गिव्ह इट टू हिम."

"नाही."

"बाबा! डोनल सेज आय'म ग्रँड!"

दोरीपलीकडे ओरडा वाढला. "अरे दे ना यार, वेळ चाललाय!" रोहितचा आवाज. डोनल जवळ आला. "काय झालं? चुकलंय का काही?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"यात काही चुकलेलं नाही," गिरीश म्हणाला. मग तो पंचाकडे वळला आणि दोरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने इंग्रजीत म्हणाला, "ही मुलगी खेळू शकत नाही. चौदा दिवसांपूर्वी तिच्या डोक्याला मार लागलाय. तीन आठवड्यांची बंदी आहे. डॉक्टरचं पत्र यांच्या खिशात आहे, मी दिलंय. यांना ते आठवत नाही. यांना ऑक्टोबरपासून काही आठवत नाही आणि मला ते माहीत होतं."

ओरडा एकदम थांबला नाही. पुढच्या ओळीतून मागे जात जात थांबला. स्वरांगीच्या उड्याही थांबल्या.

डोनलने जाकिटात हात घातला. पत्र निघालं, घडी तशीच होती. त्याने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं. पंच वाट बघत उभा राहिला. दोरीच्या पलीकडे पद्माकर तेवढे उठून उभे राहिले होते.

"फार वाईट," डोनल म्हणाला. पत्राची घडी घालून त्याने ते पुन्हा आतल्या खिशात ठेवलं आणि गिरीशकडे पाहिलं. "बिचारी पोर. कोणाची आहे रे ती?"

"माझी," गिरीश म्हणाला.

चिठ्ठी त्याच्या मुठीत होती. त्याने ती क्लिपबोर्डला लावली आणि खाली वेळ लिहिली. त्रेपन्नावं मिनिट.