किरणांच्या नाण्याचा कौल

आमच्या मुलाचं, रामप्रसादचं, लग्न झालं त्या वर्षी, १९९८ला, शिरड शहापूरच्या आमच्या रानात नांगराला चांदीचं जुनं नाणं लागलं. त्यावरच्या तोंडाभोवती किरणं पाहून माझ्या बायकोनं, पंचफुलानं, ते सूर्यदेव म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं.

पुढं एकदा तिच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात जाऊ का, असा तिनं नाण्याला ज्वारीचे दाणे लावून कौल मागितला. डावा दाणा पडला, म्हणजे नको.

"आत्याबाई, हा देव न्हाई, रोमचा राजा हाये," इतिहास शिकलेली सून रडकुंडीला आली. "लोकांनी हुकूम मानावा म्हणून त्यानं देवाची किरणं लावून घेतली. उठा, जीप आलीय."

"मंग राजाचा हुकूम मोडू कशी, पोरी?"

मी घाईघाईनं पुन्हा दाणे लावले. बऱ्याच वेळानं उजवा पडला, तेव्हा ती घामानं भिजली होती.

पंचफुला त्याच दिवशी, २००१च्या नागपंचमीला, दवाखान्याच्या वाटेवर औंढ्याच्या अलीकडं, जीपमध्येच वारली.