चांदीवाल्या बाईंची बदली

"बाई, तुमच्याशिवाय ही पट्टी करणार कोण?" साहेबांनी बदलीचा अर्ज पुन्हा बाजूला सरकवला. "उद्या पाहुण्यांना दाखवून होऊ दे, मग बघू."

प्रयोगशाळेत त्यांना सगळे चांदीवाल्या बाई म्हणत. जखमेवर लावायची मधाच्या रंगाची लुसलुशीत पट्टी त्या बनवत. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण असत. अंग तापलं की पट्टी आक्रसून आतलं औषध सोडायची, गार झालं की पुन्हा फुगायची. भांडं बर्फात ठेवून मिश्रण सावकाश ढवळावं लागे. इतरांना घाई, म्हणून त्यांच्या गुठळ्या होत. बाईंच्या हाताला गुण होता, आणि त्या गुणानंच त्यांना इथे डांबून ठेवलं होतं. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी. लेकही तिकडेच, सासूबाईंजवळ.

दुपारी नवऱ्याचा फोन आला.

"ती आता आजीलाच आई म्हणते. आधी मला हसू आलं."

"आणि मग?"

"मग नाही आलं. तू येतेस कधी?"

बाईंनी जेवणाचा डबा उघडला, पण घास काही उतरेना. डब्यात मिठाची पुडी होती. चांदीच्या पाण्यात मीठ पडलं की सगळं नासतं, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात. आपला हात बिघडला असं वाटलं तर साहेब सोडतील. बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि बर्फातल्या मिश्रणात चिमूट सोडली. मधाचा रंग बघता बघता राखेसारखा झाला. त्यांनी तशीच पट्टी ओतली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर ती चिमट्यात धरताच फाटली. दाखवायला ठेवलेल्या कोमट पाण्यात नुसता करडा गाळ पसरला. पाहुणे चहा घेऊन निघून गेले.

बाई मान खाली घालून बोलणी खायला उभ्या राहिल्या. साहेबांनी खुर्ची पुढे केली.

"बसा. माणूस आहे, चुकतंच. पण बघा, तुमच्या हातून असं होतं, तर दुसऱ्याच्या हातून काय होईल? आता तर तुम्हाला सोडताच येणार नाही."

"साहेब, मी मुद्दाम मीठ टाकलं."

साहेब हसले. "कुणाला तरी पाठीशी घालताय. तुमचा स्वभाव माहीत नाही का मला?"

बाईंना रडू कोसळलं. आपण सांभाळून घेतल्याची बाईंना जाण आहे, असं साहेबांना वाटलं. त्यांनी शिपायाला हाक मारून नवा बर्फ आणायला सांगितला.