तेरेपोचा दगड परदेशी गेला

अनिबाच्या बापाच्या थडग्याचा दगड उघडायचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात वगाईकाकांनी समुद्रापलीकडच्या पापुआवाल्यांना बेटबंदी करून टाकली.

काका म्हणजे तिच्या मेलेल्या बापाचे, तेरेपोचे, धाकटे भाऊ आणि पंचायतीतलं सर्वांत मोठं तोंड. "ते होड्या भरून येतात, आपलं पाणी पितात, दुकान धुऊन नेतात. बंद करा, मग बघा बेट कसं श्रीमंत होतं!" टाळ्या पडल्या. अनिबानंही वाजवल्या. पाण्याच्या टाकीनं तळ गाठलाच होता.

श्रीमंती लगेच दिसू लागली. पलीकडच्या गिऱ्हाइकांसाठी मागवलेली पिठा-तांदळाची पोती दुकानाच्या छताला टेकली. दुकानदारीण दारातल्या पोत्यावर बसून माश्या मारू लागली. जेवणावळीचे खेकडे पलीकडून यायचे होते. चटया पलीकडून. आपल्या वाडवडिलांचे म्हणून मिरवायचे ते ढोलही पलीकडून. आणि दगडावरचं कापड काढायचा मान ज्याचा, तो अनिबाचा गिदूमामा, तोही पलीकडचाच.

रीत अशी की, मेलेल्याच्या सासुरवाडीचा माणूस कापड काढेपर्यंत रक्ताच्या नातेवाइकानं दगडाला बोट लावायचं नाही. तोवर बाप धड आपल्यात नाही, धड पितरांत नाही. असा तो तीन वर्षं अधांतरी होता आणि केर्न्स शहरातून आलेले पाहुणे अंगणात झोपले होते.

"मीच काढतो की कापड," काका म्हणाले.

"काढा. आणि उद्या तुमचं कोण काढणार, तेही ठरवून ठेवा," अनिबा म्हणाली.

काकांनी विषय हवामानाकडे वळवला.

अनिबानं मामाला फोन लावला. "मामा, याच की हो."

"येऊ कसा बाळ? बेटावर पाय ठेवला की साहेब धरतो."

"आणि समुद्रात?"

"समुद्रात मासे मारायला आपल्याला कोण अडवतंय?"

झालं. दुकानदारीण आणि सीमेवरचा गोरा साहेब क्लाइव्ह, दोघंही रक्तानं परके, म्हणून त्यांच्याकडून दगड होडीत चढवून घेतला.

"हे काय नेताय?" कंबर धरत क्लाइव्हनं विचारलं.

"बाबांना."

तो आपली बोट घेऊन मुकाट्यानं मागे निघाला.

बेट बरंच मागे टाकून, ओहोटीला उथळ होणाऱ्या खडकावर दोन्ही होड्या भिडल्या. मामाच्या होडीत ढोल, चटया, खेकडे. अनिबाच्या होडीत दगड आणि अख्खी पंचायत, म्हणजे सगळी भावकीच, कारण जेवण तिकडेच होतं. मामानं कापडाकडे हात लांबवला, तशी पंचायत बघायला एका कडेला गेली. होडी कलली. दगड सरकला. सगळ्यांचे हात पुढे झाले, रीत आठवली, सगळ्यांचे हात मागे आले.

डुबुक.



"अरे, धरला का नाही?" क्लाइव्ह ओरडला.

"हात कसा लावणार?" अनिबा म्हणाली. बाप आता कायमचाच लटकला.

क्लाइव्हनं नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला आणि घाम पुसला. "कराराप्रमाणे इथलं पाणी आमचं. तळ मात्र पापुआचा. म्हणजे... तो परदेशी गेला."

मामानं सरळ उडी टाकली. पाणी कमरेएवढं. "साहेब, मी कुठं उभा आहे?"

"तुमच्याच देशात," क्लाइव्ह हताशपणे म्हणाला.

"बरं झालं." मामानं बुडी मारली आणि ओलं कापड उंच धरून वर आला. ढोल घुमले. पाण्याखाली तेरेपोचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. अनिबा हसली की रडली, तिलाच कळलं नाही. बाप सुटला होता.

"चला, उचला आता," काका म्हणाले. "घरी नेऊ."

"थांबा," क्लाइव्ह म्हणाला. "तळावरून उचलला की तो पापुआचा माल. आणि पापुआचा माल बेटावर बंद आहे. ठराव तुमचाच."

काकांनी खाली पाहिलं. सख्खा भाऊ परमुलुखात पडला होता, अंगावरून एक पोपटमासा चालला होता. काकांच्या तोंडून, पंचायतीच्या इतिहासात पहिल्यांदाच, शब्द फुटेना.

"काका," अनिबा म्हणाली, "पंचायत बसलेलीच आहे."

काका उठले. होडी पुन्हा कलली.

"बंदी उठवावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आणि वाकू नका रे कुणी!"